खिडकीची शीळ थांबली तेव्हा

जुन्या खिडकीची चौकट भिंतीतून उखडली, चुन्याचा लोट उठला, आणि त्या लोटातून काहीतरी मऊ, काळपट असं रुद्राणीच्या पायाशी येऊन पडलं.

"काय पडलं गं, दोड्डव्वा?" दिपकनं नाकावरचा रुमाल खाली करत विचारलं. दिपक तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. थोरल्या आईला या घरात कानडी वळणानं दोड्डव्वाच म्हणत.

"काय न्हाई रे. चिंधी हाय."

चिंधीच होती ती. चादरीच्या काठाची हातभर पट्टी, पीळ घालून फटीत ठोसलेली, आणि तिच्यावर ज्वारीच्या पिठाची खळ वाळून दगडासारखी झालेली. रुद्राणीनं ती उचलली, उजेडात धरली. ही पट्टी तिनं ओळखली. बाजेवर पडल्या पडल्या तिनं ती त्या फटीत जाताना पाहिली होती... कुशीत तेव्हा तिचं नवजात लेकरू होतं.

कुणाला दिसायच्या आत तिनं ती पदराच्या गाठीत बांधली. का बांधली, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

बाळीवेशीजवळचं ते दगडमातीचं घर तसं काही मोठं नव्हतं. पुढं एक सोपा, मध्ये अंधारी बोळकांडी, तिच्या एका अंगाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या अंगाला ही उत्तरेची खोली. सागवानी खिडक्या उन्हाळ्यात सुकून आक्रसत आणि पावसात फुगत, आणि असं करता करता त्यांच्या झडपांमध्ये बोटभर फटी पडल्या होत्या. संक्रांतीच्या दिवसांत, सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे जत्रा, भरली की, मोकळ्या माळावरून येणारा वारा त्या फटींतून शीळ घालायचा. घरातली पोरं त्या शिळेला भ्यायची. रुद्राणीला मात्र ती शीळ ऐकू आली तरच रात्री झोप लागायची.

यंदा दिपकनं घर दुरुस्तीला काढलं होतं. अक्कलकोट रोडला त्याचा टॉवेलचा लहानसा कारखाना बरा चालला होता. मातीचं माळवद काढून स्लॅब टाकला, वरचा झरोका बुजवला, आणि आता खिडक्या. पांढऱ्या अॅल्युमिनियमच्या, सरकत्या, कडेनं काळं रबर बसवलेल्या. कारण त्याची बहीण राजश्री पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, दिवस थंडीचे होते, आणि उत्तरेची खोली बाळंतिणीला द्यायची ठरली होती.

"दिपक..." रुद्राणी चाचरत म्हणाली, "एखादी फट ठेव रे, बाळा. वरच्या अंगाला. नुसती बोटभर."

दिपक हसला. "अगं, फटी बुजवायलाच एवढा खर्च केलाय की! आता मुंगी शिरणार नाही आत."

पण त्याची आई, रुद्राणीची धाकटी जाऊ मीनाबाई, मागंच उभी होती. ती हसली नाही.

"अजून वारं पुरलं न्हाई व्हय, अक्का?"

बस्स. एवढंच. रुद्राणी मान खाली घालून स्वयंपाकघरात निघून गेली.

*

त्या एका वाक्यामागं रुद्राणीचं सगळं आयुष्य होतं.

आईबापाविना वाढलेली पोर ती. मामानं लग्न लावून दिलं आणि हात धुतले. त्यामुळं पहिलं बाळंतपणही सासरी, याच उत्तरेच्या खोलीत झालं. मुलगा झाला! सासरे आदल्याच साली गेले होते, तेच परत आले म्हणत सगळ्यांनी आनंदानं डोळे पुसले. सासू ईरम्मानं तर नातवाला पाहून कडाकडा बोटं मोडली. रोज तेलपाण्याची आंघोळ झाली, की बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यात ओवा आणि वावडिंग, आणि वर घोंगड्यात गुरफटलेली माय-लेकरं. खिडकी शीळ घालत असायची, आणि ईरम्मा तिला शिव्या घालत असायची.

मग एक दिवस फारच गारठा पडला. ईरम्मानं चुलीवर खळ शिजवली, चादरीच्या काठाच्या पट्ट्या फटींत ठोसल्या, वरून खळीनं कागद चिकटवले. शीळ थांबली. खोली कशी गप्प, उबदार झाली...

त्यानंतरचं रुद्राणीला धड आठवतच नव्हतं. डोकं ठणकत होतं, पोटात ढवळत होतं, हातापायांचं पाणी झालं होतं. कसल्या तरी अनाम भीतीनं ती रांगत खिडकीपाशी गेली होती आणि सगळं बळ एकवटून तिनं झडप ओढली होती. पुढं सारा काळोख. शुद्धीवर आली तेव्हा घरात आकांत चालला होता. खिडकी सताड उघडी, कागद फाटलेले, आणि बाळ... बाळ गेलं होतं.

"वारं लावलंस गं लेकराला! आई का वैरीण तू?" ईरम्माचा तो आक्रोश साऱ्या आळीनं ऐकला. आणि साऱ्या आळीनं खरा मानला.

रुद्राणीनंही मानला. न मानून करते काय? खिडकी तिनंच तर उघडली होती! नवरा, मल्लप्पा, तोंडानं एक शब्द बोलला नाही. पण त्यानंतर मरेपर्यंत त्यानं तिच्या डोळ्यांत डोळा घालून पाहिलं नाही. पुन्हा तिची कूस उजवली नाही. मीनाबाईची दोन्ही बाळंतपणं वैरागला, तिच्या माहेरी झाली, आणि पोरं घरी आली तरी सव्वा महिना सरेपर्यंत रुद्राणीनं त्यांच्या पाळण्याजवळ जायचं नाही, असा ईरम्माचा दंडक होता. सव्वा महिन्यानंतर मात्र त्याच पोरांचं हगणं-मुतणं, शाळा-डबा, ताप-खोकला सगळं रुद्राणीनं काढलं. तिनं तक्रार केली नाही. गुन्हेगारानं कसली तक्रार करायची?

*

राजश्रीला मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा नव्या खिडक्या बसून झाल्या होत्या.

रुद्राणी त्या दिवशी बोळकांडीत थांबून खोलीकडं बघत राहिली. मीनाबाईनं काच सरकवली. खट् असा हलका आवाज झाला, आणि... सगळं थांबलं. रस्त्यावरच्या रिक्षांचा आवाज थांबला, शेजारच्या यंत्रमागांची खटखट थांबली. वारा बाहेर काचेवर नुसताच मुक्यानं डोकं आपटत होता. ही शांतता रुद्राणीच्या ओळखीची होती! कुठं, कधी ऐकली होती ही?

"अज्जी, कोळशाची शेगडी कशाला? हीटर आणतो की मी," दिपक आजीला म्हणत होता.

ऐंशी उलटलेल्या ईरम्मानं काठी आपटली. "तुज्या हीटरमधनं ओव्याचा धूर येतो का रे? बाळंतिणीचं अंग काय टॉवेल हाय, वाळवून घडी घालायला?"

सगळे हसले. राजश्री तर पोट धरून हसली. "अज्जी, टाके दुखतात गं, हसवू नकोस!"

रुद्राणीही हसली असती. पण तिची नजर त्या बंद काचेवरून हटत नव्हती. ती धीर करून सासूला म्हणाली, "अत्ती, शेगडी हाय तवर खिडकी जराशी..."

ईरम्माची मान गर्रकन वळली. त्या म्हाताऱ्या डोळ्यांत जुना अंगार जसाच्या तसा होता. "रुद्राणी! त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं न्हाई. आन् खिडकीचं नाव तुज्या तोंडातनं मला परत ऐकायचं न्हाई!"

पहिले काही दिवस निभावले. दार अर्धं उघडं असायचं, मीनाबाईची सारखी ये-जा असायची. रुद्राणी मात्र दिवसभर स्वयंपाकघराच्या दाराशी ठाण मांडून बसायची. भाकरी थापताना, भाजी निवडताना तिचा कान त्या खोलीकडं. राजश्री लेकीला अंगाई म्हणायची, तिचा आवाज ऐकू आला की रुद्राणीचा जीव भांड्यात पडायचा.

*

गड्ड्याच्या आदल्या दिवशी गारठ्यानं कहर केला. सकाळी न्हाणं झालं. ईरम्मानं शेगडीत रोजच्याहून जास्त निखारे घालायला लावले. मीनाबाईनं खोलीचं दार ओढून घेतलं, आणि दाराखालून गार येतंय म्हणून एक चादर गुंडाळून उंबऱ्याशी दाबून बसवली. मग ईरम्मा सोप्यासमोर कोवळ्या उन्हात पेंगायला बसली आणि मीनाबाई दुपट्यांची बादली घेऊन गच्चीवर गेली.

रुद्राणी खलबत्त्यात शेंगाचटणी कुटत होती. लोखंडी बत्त्याचा घाव पडत होता, आणि दोन घावांच्या मधल्या जागेत राजश्रीची अंगाई ऐकू येत होती. घाव... अंगाई... घाव... अंगाई...

घाव.

आणि काहीच नाही.

रुद्राणीचा हात तसाच वर राहिला. झोपली असेल. दमलीय पोर. पण ही शांतता... अगं बाई, ही शांतता! कुठं ऐकली होती, ते तिला एका क्षणात आठवलं. खळीचे कागद चिकटले होते, शीळ थांबली होती, आणि अशीच, अगदी अशीच गप्प, उबदार खोली होती! डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर. खिडकी उघडली ती तर कितीतरी नंतर!

"राजू?" तिनं बोळकांडीतून हाक मारली. "राजू, झोपलीस का गं?"

आतून जडशीळ, घोगरा आवाज आला. "दोड्डव्वा... डोकं लई... पाय उचलंनात..."

पुढचे शब्द उमटलेच नाहीत.

रुद्राणी उंबऱ्यापाशी थबकली. त्या एका उंबऱ्याशी तिच्या मनानं काय काय पाहिलं! आत गेले आणि खिडकी उघडली, आणि हे लेकरू गारठून गेलं तर? मग तर मी दोनदा मारेकरीण! मग या घरात, या आळीत, देवाच्या दारात तरी मला जागा उरेल का? दिपक, राजू, ज्यांना या हातांनी वाढवलं, ते तरी तोंड बघतील का माझं? कानात ईरम्माचा तोच जुना आक्रोश घुमत होता... वारं लावलंस! वारं लावलंस!

"लागू दे वारं!" ती स्वतःशीच पुटपुटली, आणि तिनं दार ढकललं.

आत धूर नव्हता. तेच तर भयंकर होतं! ओव्याचा गोड वास, मंद लाल निखारे, सगळं कसं नेटकं. राजश्री बाजेच्या कडेला अर्धी लोंबकळत होती. आणि तान्ही... तान्ही गाढ झोपली होती, गुलाबी, सुंदर. रुद्राणीच्या तोंडून किंकाळी फुटता फुटता राहिली. तिचं लेकरूही असंच गुलाबी होतं! 'मेलंय असं वाटतच न्हाई,' असं म्हणत बायका रडल्या होत्या.

तिनं खिडकीची काच ओढली. हलेना. नवी कडी कुठं दाबायची, कशी फिरवायची, तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. तिचंही डोकं गरगरू लागलं होतं. हातात काहीतरी जड होतं... बत्ता! बत्ता तिच्या हातातच राहिला होता!

खळ्ळकन काच फुटली. दुसरा घाव, तिसरा घाव... आणि माळावरचा तो बोचरा वारा धडक मारून आत आला. रुद्राणीनं रक्ताळलेल्या हातांनी तान्हीला उचललं, दुपटं बाजूला केलं आणि तिचं इवलंसं तोंड त्या वाऱ्याच्या समोर धरलं.

"घे गं माझे आई... घे श्वास! एक घे! माझ्यासाठी न्हाई, तुझ्या त्या मामाकरता घे, माझ्या लेकराकरता, ज्याला श्वास घेता आला न्हाई त्याच्याकरता घे..." ती काय बोलत होती ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

काचेच्या आवाजानं मीनाबाई जिना उतरून धावत आली, आणि दारातच थिजली. फुटलेली खिडकी, रक्त, आणि वाऱ्यात उघडं धरलेलं लेकरू!

"अक्का! परत तेच केलंस? माझ्या नातीलाही खाल्लंस?" तिनं झडप घालून तान्हीला हिसकावलं. त्या हिसक्यात रुद्राणीच्या पदराची गाठ सुटली. मागून काठी टेकत ईरम्मा आली, तिचा आवाज चिरकला होता. "वैरिणी! तुझं मन अजून भरलं न्हाई व्हय गं?"

आणि जिनं जन्मभर या घरात वर मान करून उत्तर दिलं नव्हतं, ती रुद्राणी कडाडली, "शिव्या मागनं घाला, अत्ती! मारायचं तर मागनं मारा! आधी माज्या पोरीला बाहेर काढा. मीना, तिचा खांदा धर. धर म्हणते ना!"

त्या आवाजानंच मीनाबाई हलली. दोघींनी राजश्रीला ओढत सोप्यात आणलं. ती भडाभडा ओकली. आणि मग मीनाबाईच्या खांद्यावर एक बारीकसा, मांजरीच्या पिलासारखा आवाज झाला... तान्ही रडली! मग मोठ्यानं रडली!

रुद्राणी तिथंच, जमिनीवर बसली.

*

दवाखान्यात माय-लेकींना ऑक्सिजन लावला होता. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज करडा होता.

"हवा जायला जागा नाही अशा खोलीत निखारे ठेवता? त्यातून जो विषारी वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपल्या जागी संपतं. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघीही हाती लागल्या नसत्या. खिडकी कुणी फोडली?"

दिपकनं नुसतं बोट केलं. भिंतीशी, पट्टी बांधलेले हात मांडीवर घेऊन, रुद्राणी बसली होती.

"त्यांनी वाचवलं," बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मीनाबाई रुद्राणीसमोर आली आणि एकाएकी तिच्या पायांवर कोसळली. "अक्का... मग तवा... तुमचं बाळ... तवाही..."

"उठ गं, मीना."

"इतकी वर्षं आमी तुमाला..."

"उठ म्हणते ना. लोक बघत्यात." रुद्राणीनं तिला उठवलं, आणि मग दिपककडं वळून अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ऐक बाळा. अज्जीला यातलं काय सांगायचं न्हाई. ठसका लागला होता म्हण, काही म्हण."

"का दोड्डव्वा? का नाही सांगायचं?" दिपकचे डोळे वाहत होते. "तुझ्यावर आयुष्यभर..."

"त्या फटी त्यांनी बुजवल्या होत्या रे, स्वतःच्या हातांनी. मायेनं बुजवल्या होत्या. आता या वयात त्यांच्या छातीवर हा धोंडा ठेवायचा? मी वाहिलाय की इतकी वर्षं. मला त्याची सवय झालीय."

*

दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले. पेठेतून जत्रेचे नंदीध्वज निघाले होते, लांबून हलगी ऐकू येत होती. शेगडी अंगणात पालथी पडली होती. ईरम्मा सोप्यात नव्हती. ती उत्तरेच्या खोलीत, फुटलेल्या खिडकीसमोर, उघड्या वाऱ्यात बसली होती. कालपासून तिनं अन्नाला हात लावला नव्हता, असं शेजारणीनं सांगितलं.

खिडकीत उरलेल्या काचेच्या कडेवरून वारा शीळ घालत होता.

"ठसका लागला होता, अज्जी," दिपक म्हणाला. "आता बऱ्या आहेत दोघी."

"मला शिकवतोस व्हय रे?" ईरम्मा वळली नाही. तिनं फक्त मूठ उघडली. आत ती पट्टी होती, वाळक्या खळीची. कालच्या ओढाताणीत रुद्राणीच्या पदरातून पडलेली.

"रुद्राणी, ही खळ कुणी शिजवली होती?"

"जाऊ द्या, अत्ती. गार लागंल तुमाला, उठा."

"म्या शिजवली होती. ह्या चुलीवर." म्हातारीनं पट्टी मुठीत दाबली. "काल सकाळी मीनानं दाराला चादर लावली, ती म्याच सांगितलं म्हणून. रात्रभर हितं बसून एकच आठवतंय. तवा शीळ थांबली होती, आन् मला लई बरं वाटलं होतं गं... लई बरं वाटलं होतं! मायेनं मारलं म्या माज्या नातवाला, आन् जल्मभर फासावर तुला ठेवलं! तुला कळलं नव्हतं?"

"काल कळलं, अत्ती."

"मग बोलली का न्हाईस?"

रुद्राणी खाली बसली आणि तिनं आपला पदर म्हातारीच्या गारठलेल्या खांद्यांवर ओढला.

ईरम्मानं मान वळवून पाहिलं. मग राजश्रीकडं हात पसरला. तान्हीला तिनं स्वतःच्या मांडीवर घेतलं नाही. रुद्राणीच्या मांडीवर ठेवलं. सव्वा महिना व्हायचा होता अजून. उद्यापासून न्हाऊ-माखू तूच घालायचं, असं काहीतरी ती पुटपुटली, पण ते हुंदक्यात विरलं. कितीतरी वेळानं तिनं विचारलं,

"बारसं व्हायच्या आत गेलं तुझं लेकरू. नाव काय ठिवणार होतीस गं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न रुद्राणीला कुणीही विचारला नव्हता. मल्लप्पानंही नाही.

"मामंजींचं ठेवणार होते, अत्ती. तुमाला बरं वाटंल म्हणून."

चनबसप्पा. ईरम्माच्या नवऱ्याचं नाव. लग्नातल्या उखाण्याखेरीज तिनं ते कधी ओठांवर आणलं नव्हतं. कुणी विचारलं तर देव्हाऱ्यातल्या तसबिरीकडं बोट करायची. रेशनकार्डवाल्यापुढंही ती गप्प बसली होती.

म्हातारी काठीच्या आधारानं उठली. फुटक्या खिडकीच्या चौकटीला धरून तिनं बाहेर, त्या बोचऱ्या वाऱ्यात तोंड घातलं, आणि दुपारी खेळायला गेलेल्या पोराला जेवायला बोलवावं तशी हाक मारली...

"चनबसप्पा! ए चनबसप्पा! घरला ये, बाळा... तुजी आई बसलीय वाट बघत!"

रुद्राणीनं मांडीवरची तान्ही छातीशी घट्ट धरली, आणि इतक्या वर्षांनी, पहिल्यांदाच, मोठ्यानं रडली.